मुखपृष्ठांची साक्ष

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं सनदा, बखरी, शिलालेख, दफ्तरें आणि नाणीं यांचीच आठवण प्रथम होते. छापखान्याच्या युगांतील वर्तमानपत्रांचे व मासिकांचे जुने अंकहि आतां साधनांत गणले जाऊं लागले आहेत. परंतु त्या अंकांचा जो भाग वाचकाच्या दृष्टीस सर्वांत आधीं पडे, तोच अभ्यासकाच्या दृष्टीस सर्वांत शेवटीं पडतो, किंवा पडतच नाहीं. तो भाग म्हणजे मुखपृष्ठ. याचें कारण अगदीं व्यावहारिक आहे. वाचनालयांत वर्षाचे बारा अंक एकत्र बांधतांना बाइंडर बहुधा प्रत्येक अंकाचें जाड वेष्टन काढून टाकी. अनुक्रमांक आंतल्या पानांना असत, वेष्टनास नसत. वेष्टनाच्या तीन बाजूंवर जाहिराती असत. आणि बारा अंकांचीं चोवीस जाड पानें मध्यें राहिलीं तर खंड नीट मिटत नसे. अशा रीतीनें मजकूर कपाटांत गेला आणि चेहरा रद्दींत गेला.

हल्लीं विद्यार्थ्यांना एखाद्या मासिकाच्या मुखपृष्ठाचें परीक्षण करण्याचा प्रकल्प दिला जातो. ही गोष्ट स्तुत्य आहे. अशा वेळीं परदेशांतील प्रसिद्ध नियतकालिकें हातीं घेण्याचा मोह होतो, व त्यांत शिकण्यासारखेंहि पुष्कळ आहे. अमेरिकेंतील 'टाइम' साप्ताहिकानें १९२७ सालीं मुखपृष्ठाभोंवतीं तांबडी चौकट घातली, ती त्याची ओळखच होऊन बसली. विलायतेंतील 'पंच' या विनोदी साप्ताहिकासाठीं रिचर्ड डॉयल यानें १८४९ सालीं काढलेलें चित्र शंभर वर्षांहून अधिक काळ त्याच्या तोंडावर राहिलें. परंतु कुरुंदवाडसारख्या गांवच्या विद्यार्थ्यानें इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचें हें गांव एके काळीं पटवर्धनांच्या संस्थानाचें ठिकाण होतें व १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. या गांवाभोंवतीं एका दिवसाच्या प्रवासाचें वर्तुळ काढलें, तर मराठी मुद्रणाच्या इतिहासांतील कित्येक महत्त्वाचीं स्थळें त्यांत येतात. मिरज त्यांत येते, किर्लोस्करवाडी येते, औंध येतें, माणगांव येतें आणि कोल्हापूरहि येतें.

आरंभ मिरजेपासून करणें योग्य होईल. नाना फडणविसांच्या आश्रयानें पुण्यांत तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरून छापण्याचा उद्योग सुरू झाला होता. नानांच्या पश्चात् तो कारागीर मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयास गेला व तेथें १८०५ सालीं गीता छापून निघाली. कुरुंदवाडकरांच्याच भाऊबंदांच्या राजधानींत घडलेली ही गोष्ट आहे. येथें एक मुद्दा ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्याकडील हस्तलिखित पोथीस मुखपृष्ठ नसे. पोथी फडक्यांत बांधलेली असे. उघडतांच गणेशवंदन येई. ग्रंथाचें नांव, लेखकाचें नांव व शक हें सारें शेवटच्या पुष्पिकेंत सांपडे. ज्याच्या घरीं पोथी असे त्याला ती कोणती हें ठाऊकच असे. अनोळखी माणसास ती कधीं हांक मारीत नसे. छापील पुस्तकास व नियतकालिकास मात्र अनोळखी माणसापर्यंत जावयाचें होतें. म्हणून जें शेवटीं असे तें पुढें आलें. मुखपृष्ठ ही केवळ सजावट नव्हे. न पाहिलेल्या वाचकाशीं झालेलें तें पहिलें बोलणें आहे. तेव्हां मुखपृष्ठाचें परीक्षण करणाऱ्यानें, चित्र सुंदर आहे कीं नाहीं याआधीं, हें बोलणें कोणाशीं चाललें आहे, असा प्रश्न विचारावा. मराठी मुखपृष्ठांचा सारा इतिहास या एका प्रश्नाच्या उत्तरांत सांठविलेला आहे.

बाळशास्त्री जांभेकरांचें 'दिग्दर्शन' १८४० सालीं निघालें. पुढें 'मराठी ज्ञानप्रसारक', १८६७ सालीं 'विविधज्ञानविस्तार' व १८७४ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' अशीं नियतकालिकें आलीं. या काळांत मासिकाचा चेहरा बहुतांशीं अक्षरांचाच होता. नांव, पुस्तक, अंक, महिना, वर्गणी, छापखाना आणि पुष्कळदां विषयांची यादी, एवढ्यावर काम भागे. याचा अर्थ त्या संपादकांस सौंदर्याची दृष्टि नव्हती असा नव्हे. त्यांचा वाचक वर्गणीदार होता. वर्षाचे पैसे त्यानें आधींच भरलेले असत. त्याला दारांत उभें राहून बोलावण्याची गरज नव्हती. त्याला हवी असे ती आंत काय आहे याची सूचना, आणि ती त्यास पहिल्याच पानावर मिळे. हा वाचक इंग्रजी वा संस्कृत शिकलेला पुरुष असे हेंहि त्या चेहऱ्यावरून समजतें.

अक्षरांचा चेहरा मुका असतो असें मात्र समजूं नये. 'केसरी' १८८१ सालीं निघाला तेव्हां त्याच्या शिरोभागीं जगन्नाथ पंडिताचा संस्कृत श्लोक होता. हत्तीला सिंहाचा धाक घालणारी ती अन्योक्ति ज्यास कळे, तो वाचक 'केसरी'च्या डोळ्यांपुढें होता. पुढें ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. आंबेडकरांचें 'मूकनायक' पाक्षिक निघालें. त्यास कोल्हापूरच्या शाहूमहाराजांनीं अडीच हजार रुपयांचें साहाय्य केलें होतें. त्याच वर्षीं मार्चच्या २१ व २२ तारखांस कुरुंदवाडपासून फार दूर नसलेल्या माणगांवीं परिषद भरली व तींत महाराजांनीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचा जाहीर गौरव केला. या 'मूकनायका'च्या शिरोभागीं तुकारामांचा अभंग होता. १९२७ च्या 'बहिष्कृत भारता'वर ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. दोन्हीकडे चित्र नाहीं, रंग नाहीं. तरी दोन चेहरे निराळे आहेत. एकाचा श्लोक पाठशाळेंत शिकलेल्याशीं बोलतो. दुसऱ्याचा अभंग, ज्यानें अक्षरओळखहि केली नाहीं पण कीर्तन ऐकलें आहे, त्याच्याशींहि बोलतो. 'मूकनायक' पुष्कळ ठिकाणीं एकानें वाचावा व दहांनीं ऐकावा अशाच स्थितींत समाज होता. ऐकणाऱ्यासाठीं निवडलेला तो चेहरा होता.

चित्रांचें युग यापूर्वींच सुरू झालें होतें. पुण्याच्या चित्रशाळेनें १८७८ पासून रंगीत शिळाछापाचीं चित्रें घरोघर पोंचविलीं. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढला व देवदेवतांचीं चित्रें सामान्य माणसाच्या भिंतीवर आलीं. मराठी वाचकाचे डोळे अशा रीतीनें मासिकांच्या आधीं भिंतीवरच्या चित्रांनीं तयार केले. पुढें छायाचित्रावरून ठसा करण्याची कला आली आणि मासिकांतहि चित्रें शिरलीं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांचें 'मनोरंजन' १८९५ सालीं निघालें व त्यानेंच १९०९ सालीं मराठींतील पहिला दिवाळी अंक काढला. कोल्हापुरांत १८६७ सालीं जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारखे कसलेले चित्रकार पुस्तकांसाठीं व नियतकालिकांसाठीं चित्रें काढूं लागले. मुंबईच्या 'वीसमी सदी' या १९१६ सालीं निघालेल्या गुजराती मासिकांत धुरंधर व रविशंकर रावळ यांचीं चित्रें झळकलीं आणि मासिक हें डोळ्यांनींहि वाचावयाचें असतें, हा विचार पश्चिम हिंदुस्थानांत रुजला.

मुखपृष्ठावरच प्रथम रंग कां आला याचें उत्तर छापखान्यांत आहे. आंतला मजकूर खिळ्यांनीं, एकाच शाईंत, मोठ्या तावांवर छापला जाई. वेष्टन तेवढें निराळ्या जाड कागदावर स्वतंत्र छापून मागाहून जोडीत. म्हणून सारा अंक महाग न करतां एका पानावर रंगाचा खर्च करतां येई. रंगीत चित्रास पिवळा, तांबडा व निळा असे निरनिराळे ठसे करावे लागत आणि तोच कागद प्रत्येक रंगासाठीं पुन्हां यंत्रांतून काढावा लागे. ठसा केसभर सरकला तर ओठांचा रंग गालावर येई. या खर्चाची भरपाई वेष्टनाच्या उरलेल्या तीन बाजूंवरील जाहिरातींतून होई. पाठीवरच्या जाहिरातीचा दर सर्वांत चढा असे. पुढचें चित्र आणि मागची जाहिरात हीं एकाच हिशेबाचीं दोन अंगें होतीं, हें विद्यार्थ्यानें विसरूं नये.

आतां कृष्णाकांठानें वर किर्लोस्करवाडीस जावें. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले होते. परंतु कांहीं रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस नीट कळत नाहीं असें दिसून आलें, म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर त्यांनीं आपला कारखाना उभारला. त्यांना आश्रय देणारे औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार होते. या कारखान्याच्या जाहिरातीचें काम पाहणारे शंकरराव किर्लोस्कर यांनींहि चित्रकलेचें शिक्षण घेतलें होतें. अमेरिकेंत फोर्ड कंपनी १९०८ पासून 'फोर्ड टाइम्स' काढीत असे. तशाच धर्तीची 'किर्लोस्कर खबर' ही पत्रिका शंकररावांनीं १९२० सालीं, म्हणजे 'मूकनायक' निघालें त्याच वर्षीं, सुरू केली. नांगर व चरक विकणाऱ्या कारखान्याची ती बातमीपत्रिका होती. थोड्याच वर्षांत तिचें सर्वसामान्य मासिक बनलें. १९२९ सालीं नांवांतील 'खबर' हा अरबी शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' एवढेंच नांव राहिलें. १९३० सालीं 'स्त्री' व १९३४ सालीं 'मनोहर' हीं भावंडें त्यास मिळालीं. 'टाकांच्या फेकी' या नांवानें शंकररावांनीं काढलेलीं व्यंगचित्रें प्रसिद्धच आहेत. मासिकांचें चित्रमय रूपहि चित्रकार-संपादकाच्या नजरेखालीं घडलें. ग. ना. जाधवांसारखे चित्रकार पुढें तेथें वाढले.

किर्लोस्करवाडी हें खेडें. तेथें ग्रंथविक्रीची पेठ नव्हती. मासिक जावयाचें तें आगगाडीनें व टपालानें. मिरज-कोल्हापूर आगगाडी १८९१ पासून चालू होती व कुरुंदवाडकरांस तिचें शिरोळ रोड स्टेशन जवळचें होतें. कुरुंदवाड, नरसोबाची वाडी, शिरोळ या गांवांतील वर्गणीदारांस टपालवाला अंक आणून देई, तो कागदी पट्ट्यांत गुंडाळलेला. वाटेंत तें मुखपृष्ठ कोणासहि दिसत नसे. पट्टा घरांत सुटे, आणि मुखपृष्ठ माजघरांत अथवा ओटीवर प्रथम प्रगट होई. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. मुंबईच्या रेल्वे-दुकानावर टांगलेलें मुखपृष्ठ जाणाऱ्या-येणाऱ्या पुरुषाशीं बोलत होतें. टपालानें आलेलें मुखपृष्ठ घरांतल्या सर्वांशीं बोलत होतें. वर्गणी पुरुषाच्या नांवें असली तरी अंक उघडा पडल्यावर तो सुनेच्या, मुलीच्या व शाळकरी पोराच्या दृष्टीस पडे. एकाच घरांतील निरनिराळ्या माणसांसाठीं निरनिराळीं तीन मासिकें काढण्याची किर्लोस्करांची योजना या वस्तुस्थितीशीं जुळणारी होती. ज्या घरांत स्त्रियांसाठीं म्हणून स्वतंत्र छापील वस्तु आजवर व्रतकथेपलीकडे फारशी आली नव्हती, तेथें 'स्त्री' हें एक अक्षर ठळकपणें छापलेला अंक दर महिन्यास येऊं लागला, हीच एक मोठी घटना होती. त्या नांवाखालीं कोणतें चित्र असे यापेक्षांहि तें नांव कोणास उद्देशून होतें याला महत्त्व अधिक.

मुखपृष्ठ म्हणजे आमंत्रण, तसेंच तें आव्हानहि होऊं शकतें. याचें उदाहरण म्हणजे र. धों. कर्वे यांचें 'समाजस्वास्थ्य'. जुलै १९२७ पासून कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत तें चाललें. संततिनियमन व कामशास्त्र या विषयांवर उघड बोलणारें हें मासिक मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचीं चित्रें छापी. शरीराची लाज बाळगणें हीच विकृति होय, हें कर्व्यांचें प्रतिपादन लेख वाचण्यापूर्वींच मुखपृष्ठ सांगून टाकी. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांचा वाद मान्य असो वा नसो, त्यांचें मुखपृष्ठ व त्यांचा मजकूर यांत तफावत नव्हती, हें कोणासहि मान्य करावें लागेल. विद्यार्थ्यानें ही कसोटी प्रत्येक मासिकास लावून पाहावी. जें बाहेर दाखविलें तें आंत आहे काय?

या कसोटीस पुढच्या काळांतील कित्येक देखणीं मुखपृष्ठें पुरेशीं उतरत नाहींत. मडगांवीं १९१६ सालीं जन्मलेले दीनानाथ दलाल यांनीं १९४५ पासून 'दीपावली' हा वार्षिक काढला. गोव्याचेच रघुवीर मुळगांवकर हेहि त्यांच्या बरोबरीनें लोकप्रिय झाले. दलालांची रेषा, त्यांची रंगांची जाण, मुळगांवकरांच्या रंगफवाऱ्याची मृदुता यांनीं मध्यमवर्गीय मराठी घराची अभिरुचि घडविली यांत संशय नाहीं. मोठ्या प्रदर्शनाचें दर्शन ज्यांस कधीं घडलें नाहीं अशा हजारों माणसांनीं चित्रकला पाहिली ती दिवाळी अंकाच्या तोंडावर. तथापि याच काळांत मुखपृष्ठावरील स्त्रीचा अर्थ पालटला. अलंकार ल्यालेली, हातीं पणती किंवा फूल घेतलेली सुंदर तरुणी हें दिवाळी अंकाचें ठरीव चिन्ह झालें. ती वाचीत नाहीं, लिहीत नाहीं. ती पाहिली जाते. आंत स्त्रियांच्या शिक्षणावर गंभीर लेख असो, कीं एखाद्या लेखिकेची उत्तम कथा असो, बाहेर चेहरा तोच. ज्या माजघरांत 'स्त्री' या नांवानें स्त्रीला हांक मारली होती, तेथेंच आतां तिचें चित्र इतरांस हांक मारण्याच्या कामीं लावलें गेलें. हा दोष एकट्या चित्रकाराचा नव्हे. दिवाळी अंक वर्गणीवर थोडा व दुकानांत सुटा अधिक खपे. दुकानांत शेजारीं पन्नास अंक मांडलेले असत. तेथें कमी वेळांत नजर खेंचणें प्राप्त होतें. विक्रीची रीत बदलली कीं चेहरा बदलतो, हा नियम येथेंहि खरा ठरला.

या ठरीव चेहऱ्यास कोल्हापुरांत १९२७ सालीं जन्मलेल्या वसंत सरवटे यांनीं निराळें उत्तर दिलें. १९६४ सालीं केशवराव कोठावळे यांनीं 'ललित' हें ग्रंथविषयक मासिक काढलें. त्याच्या दिवाळी अंकांचीं मुखपृष्ठें सरवटे यांनीं अनेक दशकें काढलीं. व्यवसायानें स्थापत्यविशारद असलेल्या या चित्रकारानें मुखपृष्ठावर रूपवती बसविण्याऐवजीं साहित्यव्यवहारच बसविला. लेखक, वाचक आणि प्रकाशक यांच्या गमती एका चित्रांत गुंफाव्या, कित्येकदां मुखपृष्ठावर सुरू झालेला विनोद पान उलटल्यावर किंवा पाठीवर पुरा व्हावा, अशी त्यांची योजना असे. तें चित्र पाहून टाकण्याचें नव्हे, वाचण्याचें होतें. मुखपृष्ठानें वाचकाच्या बुद्धीवर विश्वास टाकला कीं कसें शोभून दिसतें, याचा हा उत्तम दाखला आहे.

मग कुरुंदवाडच्या विद्यार्थ्यानें आपल्या प्रकल्पांत काय करावें? प्रथम एका चित्रावर न थांबतां एकाच मासिकाचीं निदान दहा-बारा मुखपृष्ठें, शक्य तर वेगवेगळ्या दशकांतील, ओळीनें मांडावीं. एकट्या अंकावरून लहर कळते, ओळीवरून धोरण कळतें. नंतर नांवाचीं अक्षरें पाहावीं. तीं छापखान्याचे खिळे आहेत कीं हातानें रेखाटलेलीं, शिरोरेषा आहे कीं टाकली आहे. मग चित्रांतील माणूस कोण, तो काय करतो व कोणाकडे पाहतो हें नोंदावें. त्याहून महत्त्वाचें म्हणजे कोण कधींच दिसत नाहीं तें नोंदावें. शेतकरी, गिरणीकामगार, वृद्ध स्त्री, दलित विद्यार्थी, मुसलमान शेजारी हे किती मुखपृष्ठांवर आले, याची मोजदाद एका दुपारचें काम आहे. परंतु त्यांतून निघणारें उत्तर एखाद्या लांब निबंधाहून बोलकें असेल. किंमत व महिना पाहावा. महिना चैत्र-वैशाख असा आहे कीं जानेवारी-फेब्रुवारी, यावरूनहि वाचकाचें घर ओळखतां येतें. आणि शेवटीं अंक उलटून पाठीवरची जाहिरात पाहावी. पुढच्या चित्रानें ज्यास बोलाविलें त्यालाच मागच्या जाहिरातीनें माल विकावयाचा असतो. दोहोंचा ताळा जमतो कीं नाहीं तें पाहिलें म्हणजे परीक्षण पुरें होतें.

परंतु यासाठीं मुखपृष्ठें शिल्लक असलीं पाहिजेत. बाइंडरच्या सुरीनें कांहीं गेलीं, वाळवीनें कांहीं नेलीं. १९४८ च्या फेब्रुवारींत गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रांत झालेल्या जाळपोळींत अनेक घरें भस्मसात् झालीं. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचीहि मोठी हानि झाली. कृष्णा-पंचगंगेच्या पुरांनीं, विशेषतः २००५ व २०१९ च्या महापुरांनीं, या भागांतील घरांत शिरून काय काय नेलें याची तर यादीच करतां येणार नाहीं. मजकूर दुसऱ्या एखाद्या गांवच्या खंडांत सांपडूं शकेल. फाडलेलें मुखपृष्ठ मात्र बहुधा कोठल्याच खंडांत सांपडत नाहीं. तें सांपडलें तर एखाद्या घराच्या माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशीं, किंवा फडताळांत अंथरलेल्या कागदांतच सांपडावयाचें.

तेव्हां ज्या घरांत जुने सुटे अंक आहेत, त्यांनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां विचार करावा. वाचनालयांनीं यापुढें खंड बांधतांना वेष्टनें काढूं नयेत. बांधणीस तीं नडत असतील तर स्वतंत्र पाकिटांत वर्ष व महिना घालून ठेवावीं. शाळांनीं विद्यार्थ्यांकडून घरोघरच्या मुखपृष्ठांचीं छायाचित्रें, पुढची व मागची अशा दोन्ही बाजूंचीं, काढून घ्यावीं व प्रत्येकाखालीं मासिकाचें नांव, महिना, वर्ष आणि तो अंक कोणत्या गांवीं वाचला जात होता तें लिहून ठेवावें. मासिकांत काय लिहिलें होतें हें सांगणारे ग्रंथ आपल्याकडे आहेत. मासिक कोणाच्या दारांत गेलें आणि तेथें कोणाला उद्देशून बोललें, हें मात्र मुखपृष्ठावांचून कळावयाचें नाहीं. ही साक्ष नोंदून घेण्यास फार मोठें पांडित्य लागत नाहीं. ती नोंदण्यापूर्वीं साक्षीदार नाहींसा होऊं नये, एवढेंच पाहिलें पाहिजे.